वाड्याच्या जागी सोसायटी: क्लब हाऊस नको, गॅलरी रुंद करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात रावपुऱ्यात तुमचा सुमारे बारा हजार चौरस फुटांवरचा जुना वाडा आहे आणि त्याची मागची बाजू पडली आहे. वारस, जुने भाडेकरू आणि त्यांच्या नात्यातले-ओळखीतले मिळून चोवीस कुटुंबे तयार आहेत. जागा बिल्डरला न देता स्वतःची सहकारी सोसायटी करून बांधायचे आहे. फ्लॅटमध्ये राहूनही वाड्यासारखे एकमेकांत राहता यावे, पण कोणी कोणाच्या डोक्यावर बसू नये, अशी अपेक्षा आहे. आणि शेवटी विचारले आहे की क्लब हाऊस किती मोठे ठेवावे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: ठेवूच नका. गोत्रीपासून वाघोडिया रोडपर्यंत गेल्या काही वर्षांत ज्या स्कीम उभ्या राहिल्या, त्यांच्या ब्रोशरवर क्लब हाऊस असतेच. पहिल्या वर्षी तिथे वाढदिवस होतात, दुसऱ्या वर्षी भाडे किती घ्यायचे यावर वाजते, तिसऱ्या वर्षी कुलूप लागते आणि किल्ली सेक्रेटरीच्या खिशात जाते. माणूस मुद्दाम उठून शेजाऱ्याला भेटायला फारसा जात नाही. तो जाता-येता भेटतो: भाजी घेऊन वर चढताना, मुलाला शाळेच्या रिक्षात बसवताना, कचऱ्याचा डबा खाली नेताना. म्हणून एकत्र राहण्यासाठी जी काही जागा आणि पैसा खर्च करायचा, तो फाटकापासून घराच्या दारापर्यंतच्या वाटेवर करा. वाट संपल्यावर कुठेतरी कोपऱ्यात करू नका. माझे सगळे उत्तर याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

तुमच्या भागातच तांबेकर वाडा आहे. लोक तिथे भिंतींवरची चित्रे बघायला जातात. मी हाताखालच्या मुलांना तिथे चौक, जिना आणि दारे एकमेकांकडे कशी बघतात ते पाहायला पाठवतो. जुन्या शहरातल्या पोळींचेही, म्हणजे गल्लीवजा बंदिस्त वस्त्यांचेही, तसेच. एकच तोंड, आत शिरल्यावर वळण, घराच्या दाराशी ओटला, दोन दारे शक्यतो नेमकी समोरासमोर नाहीत. एक पाऊल रस्त्यावरून ओटल्यावर, दुसरे ओसरीत, तिसरे माजघरात. परक्याला कुठवर यायचे ते न सांगता कळते. आजच्या फ्लॅटमध्ये हे मधले टप्पेच गेले. लिफ्टचे दार उघडते, साडेतीन फुटांवर शेजाऱ्याचे सेफ्टी डोअर आणि त्याच्या आत थेट दिवाणखाना. मग दार बंदच ठेवावे लागते, आणि दोष मात्र ‘हल्ली माणुसकी उरली नाही’ म्हणून माणसांना दिला जातो.

पण वाड्याचे गोडवे ऐकताना एक लक्षात ठेवा: ते गाणारे बहुतेक पुरुष असतात. सुनेला विचारा. कुठे निघाली, कधी आली, पिशवीत काय आहे, हे चार ओसऱ्यांवरच्या आठ डोळ्यांना कळल्याशिवाय ती बाहेर पडू शकत नव्हती. संडास परसात, नळ चौकात, आणि कोणाशी अबोला असला तरी दिवसातून दहा वेळा त्याच्याच समोरून जायचे. भेटण्याची सोय जितकी हवी तितकीच टाळण्याचीही हवी. ज्या इमारतीत टाळताच येत नाही, तिथे भांडणे विझत नाहीत. म्हणून तुमच्या इमारतीला जिने दोन हवेत, गॅलरीच्या दोन टोकांना. एक लिफ्टजवळचा, मोठा, उजेडाचा. दुसरा साधा, मागचा, सरळ खाली उतरणारा. आर्किटेक्ट म्हणेल की या उंचीला दुसऱ्या जिन्याची नियमाने गरज नाही. गरज माणसांना आहे, आणि आग लागली तर तोच कामाला येतो.

आता हिशेब. बारा हजार फुटांचा प्लॉट, एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते तो आकडा, १.८ धरला तर २१,६०० चौरस फूट बांधकाम. (तुमच्या प्लॉटला नेमका किती लागू होतो ते रस्त्याची रुंदी आणि झोन पाहून ठरेल, मी उदाहरणादाखल घेतोय.) चोवीस घरांत सरळ वाटले तर प्रत्येकी ९०० फूट. बहुतेकांनी मनात तीन बेडरूम धरलेल्या असतील, त्यातली तिसरी ‘पाहुण्यांची’. ही तिसरी खोली वर्षातले किती दिवस वापरली जाते, हे प्रत्येक घराने प्रामाणिकपणे सांगावे. एरवी तिथे गाद्या, जुना ट्रेडमिल आणि लग्नातल्या भेटींचे खोके असतात. प्रत्येकाने त्यातले फक्त १०० फूट सोडले तर २,४०० फूट हातात येतात. घर ८०० फुटांचे राहते, दोन चांगल्या बेडरूमचे.

या २,४०० फुटांचे काय करायचे? चार फुटी गॅलरी तर लागणारच आहे. ती सहा फुटी करा. घराची गॅलरीकडची बाजू २५ फूट धरली तर घरामागे ५० फूट, म्हणजे एकूण १,२०० फूट तिथे गेले. उरलेल्या १,२०० मध्ये संडास-न्हाणीसह दोनशे-दोनशे फुटांच्या दोन पाहुण्यांच्या खोल्या, आणि छोट्या ओट्यासह सहाशे-सातशे फुटांची एक सामाईक खोली. ही खोली फाटक आणि जिना यांच्या मधोमध, तळमजल्यावर, काचेच्या दाराची. आत कोण आहे ते चालता चालता दिसले पाहिजे. दिसले की माणूस डोकावतो. दुपारी तिथे शिकवणी चालेल, संध्याकाळी भजनी मंडळ किंवा कॅरम, गणपतीत आरती, आणि कोणाच्या घरी दुःखद प्रसंग आला तर माणसे बसायला जागा. मुलीचा नवरा आणि सासू-सासरे दोन दिवसांसाठी आले की पाहुण्यांची खोली नाममात्र भाड्याने. चोवीस कुलूपबंद खोल्यांपेक्षा दोन वापरातल्या खोल्या बऱ्या, हे पटवायला सर्वात जास्त वेळ लागतो, हेही सांगून ठेवतो.

मजल्यावर घरे किती, हा आकडा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. चौघे असतील तर एका घराशी बिनसले की मजलाच बिनसतो. बारा असतील तर कोणीच कोणाचे नसते, आणि गॅलरीतला दिवा गेला तर तो बदलणे कोणाचेच काम नसते. सहा ते आठ हा आकडा चालतो. तुमचे गणित सुदैवाने तसेच बसते: तळमजला मोकळा, वर चार मजले, मजल्याला सहा घरे. तळमजल्याची उंची सांभाळली तर हे सगळे १५ मीटरच्या आत राहते. नॅशनल बिल्डिंग कोड १५ मीटर आणि त्यापुढच्या इमारतीला हायराइज धरते आणि मग आगीच्या बंदोबस्ताचा खर्च अंगावर येतो. शिवाय चौथ्या मजल्यावरून चौकातला माणूस चेहऱ्याने ओळखू येतो, हाक मारली तर ऐकू जाते. त्याच्या वर गेलात की खाली फक्त डोकी दिसतात. कोणी चार्जेबल, म्हणजे पैसे भरून मिळणारा जादा, एफएसआय घेऊन सात मजले करू म्हणेल, कारण दोन-चार फ्लॅट विकून खर्च निघतो. तो मोह कागदावर फार सुंदर दिसतो. पण त्या दोन-चार फ्लॅटांच्या पैशात तुम्ही तुमचा चौक विकलेला असतो.

चौक किमान तीस फूट रुंद. त्याहून अरुंद झाला तर समोरच्या घरातला फोन ऐकू येतो. बडोद्याचा उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला वारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो. प्लॉटचे तोंड त्या बाजूला असेल तर चौकाची तीच बाजू उघडी ठेवा. रावपुऱ्यातल्या गल्लीत अशी निवड क्वचितच मिळते. मग निदान तळमजल्यावर जुन्या देवडीसारखा आरपार मोकळा रस्ता ठेवा, म्हणजे चौकातली गरम हवा वर जाताना खालून गार हवा ओढली जाईल.

आता गॅलरी, कारण बाकी सगळे हिच्यावर उभे आहे. चार फुटांत दोन माणसे एकमेकांना अंग चोरून ओलांडतात. सहा फुटांत एक जण खुर्ची टाकून बसला तरी दुसरा पिशव्या घेऊन आरामात जातो. फरक दोनच फुटांचा, पण पहिली वाट आहे आणि दुसरीत बसता येते. घराची लादी गॅलरीपेक्षा एक पायरी, सहा इंच, वर घ्या. घरातला माणूस बसलेला असताना जाणाऱ्याची नजर सरळ आत पडत नाही. दाराशेजारी भिंतीत खोबण करून दीड फूट उंचीचा ओटला, चार फूट लांब. त्याच्या खाली चपलांचे कप्पे.

चपलांवर हसू नका. सोसायटीच्या मीटिंगांत पार्किंगखालोखाल वेळ चपलांच्या रॅकवर जातो: कोणाचे कपाट गॅलरीत किती इंच पुढे आले, त्यावर कुंडी कोणी ठेवली, नोटीस कोणी लावली. कप्पा भिंतीतच दिला तर हा विषय जन्मतःच संपतो. तुळशीचेही तसेच, कठड्यात ठरलेली जागा ठेवा, तिचे पाणी खालच्या मजल्यावर टपकणार नाही अशी नळी द्या. एसीचे बाहेरचे युनिट आणि त्याच्या पाण्याची नळी गॅलरीकडे कदापि नको.

गॅलरीवर कोणती खोली यावी? बेडरूम नाही. कितीही जाड पडदा लावला तरी झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी लोक चालत राहतील आणि तो खिडकी कायमची बंद करेल. गॅलरीवर स्वयंपाकघर आणा. स्वयंपाक करणारी व्यक्ती, बाई असो की बाप्या, दिवसाचे तीन-चार तास उभी असते, हात कामात आणि तोंड मोकळे. तिच्यासमोर खिडकी असेल तर गॅलरीत खेळणाऱ्या पोरांवर आपोआप लक्ष राहते, आणि ‘कोथिंबीर आहे का गं’ला दार उघडावे लागत नाही. पण इथेच एक बारकावा आहे, जो नकाशात हमखास चुकतो. गॅलरीच्या खिडकीखाली सिंक आणि चिरण्याचा ओटा द्या. शेगडी तिथे नको. शेगडी विरुद्ध बाजूला, चोकडीला (धुण्याभांड्यांच्या मोरीला) लागून असलेल्या बाहेरच्या भिंतीशी, आणि चिमणीची नळी अगाशीपर्यंत (गच्चीपर्यंत) वर नेलेली. फोडणी आणि मासळी, दोन्हींचा वास तिकडून जाईल. खिडकीची बैठक आतल्या लादीपासून साडेतीन फूट ठेवली तर चेहरा दिसतो आणि ओट्यावरचा पसारा दिसत नाही.

मासळीचा विषय निघालाच आहे तर लिहूनच टाकतो. तुमच्या चोवीस घरांत कोकणस्थही असतील, सीकेपी, मराठे, सारस्वतही, आणि भाडेकरूंपैकी दोन-चार गुजराती घरेही असणार. ‘इथे काय शिजवावे’ हा मुद्दा पाचव्या-सहाव्या वर्षी येतोच. पहिल्याच पोटनियमांत स्पष्ट लिहा: घरात काय शिजते हा सोसायटीचा विषय नाही, सामाईक खोलीत काय शिजते हा आहे. सामाईक खोलीसाठी शाकाहार ठरवलात तरी माझी हरकत नाही. घरांसाठी ठरवलात तर आहे.

चोकडी मागच्या बाजूला, लादी तीन-चार इंच खाली, कपडे तिथेच वाळतील एवढी. गॅलरीत दोऱ्या बांधल्या गेल्या की समजा चोकडी लहान पडली. ही दोन फुटांची कंजुषी करू नका.

तळमजला. इथे गाडी तुमचा सगळा डाव उधळू शकते. एका मोटारीला उभे राहायला साधारण १३५ चौरस फूट लागतात, पण वळण्या-काढण्याच्या वाटेसह धरले तर अडीचशेच्या पुढे. चोवीस घरांच्या चोवीस मोटारी म्हणजे सहा हजार फूट, तुमचा निम्मा प्लॉट. नियमानुसार लागेल तेवढे पार्किंग द्यावेच लागेल, त्यात पळवाट नाही. पण ते कुठे द्यायचे हे तुमच्या हातात आहे. मागच्या बाजूला दोन मजली यांत्रिक पार्किंग, पुढच्या बाजूला फक्त दुचाकी आणि सायकली, आणि चौकात कोणतेही चाक नाही, अगदी पाहुण्याच्या स्कूटरचेही नाही. चौकात एकदा गाडी उभी राहिली की तो चौक कायमचा गेला; पुढच्या वर्षी तिथे पांढरे पट्टे आणि फ्लॅटचे नंबर येतात. बार्सिलोनात ‘ला बोर्दा’ नावाची अठ्ठावीस घरांची सहकारी इमारत २०१८ मध्ये पुरी झाली. जमीन महापालिकेची, पंचाहत्तर वर्षांच्या भाडेपट्ट्याने. आम्हाला जमिनीखालचे पार्किंग नको, असा हट्ट धरून त्यांनी पालिकेकडून नियमातून सूट मिळवली आणि वाचलेले पैसे सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची खोली आणि पाहुण्यांच्या खोल्या यांत घातले. तिची घरे मधल्या चौकाभोवतीच्या गॅलऱ्यांवर उघडतात. फोटो पाहिलेत तर म्हणाल, हा तर आपला वाडा. आपल्याकडे तशी सूट मिळणे कठीण, पण किमान बेसमेंट खणण्याच्या फंदात पडू नका.

बेसमेंटला माझा विरोध पैशापुरता नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी पुन्हा शहरात शिरली. तेव्हा बेसमेंटमधल्या गाड्यांचे, मीटरांचे आणि पंपांचे काय झाले हे बडोदेकराला सांगायला नको. मीटर रूम, पंपाचे पॅनेल, लिफ्टचे कंट्रोल आणि इन्व्हर्टर हे सगळे पहिल्या मजल्याच्या लादीच्या पातळीवर घ्या. तळमजल्याचे जोते रस्त्यापेक्षा निदान अडीच फूट वर, आणि उताराची वाट व्हीलचेअर जाईल इतकी सावकाश. सामाईक खोलीचा पोटमाळा पाणी चढणार नाही एवढ्या उंचीवर ठेवून तिथे एक गॅस शेगडी, मोठी भांडी आणि पिण्याच्या पाण्याची छोटी टाकी असू द्या. वीज दोन दिवस नसेल तेव्हा चोवीस घरांचा चहा तिथे होईल.

वाड्यात विहीर असेल तर बुजवू नका. साडेपाच हजार फुटांच्या अगाशीवर बडोद्याच्या सरासरी पावसाचे वर्षाला साडेतीन लाख लिटरच्या पुढे पाणी पडते. गाळणी करून ते विहिरीत सोडा. सागवानी खांब, तुळया, कोरीव ब्रॅकेट विकण्याआधी मोजून, नंबर घालून ठेवा. सगळे वापरता येणार नाहीत, पण देवडीला चार खांब उभे राहिले तरी वारसांपैकी जी मंडळी पाडापाडीला नाराज असतील, त्यांची समजूत निघते. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्यासाठी अहवाल केला. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्यापेक्षा एखादे पडके घर काढून मोकळी जागा करावी, झाड, देऊळ, विहीर राखावी, असे हा माणूस हिंदुस्थानातल्या शहराशहरांत सांगत होता. त्याचे ऐकले कितपत गेले, ते मांडवीच्या आसपास फिरून पाहा.

अगाशीवरून बडोद्यात दोन वेळा भांडण होते: उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या वेळी, आणि सोलर लावताना. पॅनेल लादीलगत बसवली की अगाशी गेलीच. पतंग नाही, पापड-कुरडया नाहीत, मे महिन्यातल्या रात्रीची झोप नाही. म्हणून पॅनेल आठ-नऊ फूट उंच लोखंडी सांगाड्यावर घ्या. खर्च वाढतो, पण खाली सावलीचा मांडव तयार होतो. पीएम सूर्यघर योजनेत हाऊसिंग सोसायट्यांना लिफ्ट, पंप, दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे, त्याचा अर्ज सोसायटीच्या नावाने करा. अगाशीचा कठडा चार फूट, आणि भरीव. उत्तरायणाला पोरे वर बघत मागे सरकतात.

आता माणसांकडे आणि कागदांकडे येतो. खरे तर हे आधी ठरायला हवे, पण तुम्ही डिझाइनबद्दल विचारले म्हणून मागे ठेवले.

सहकाराचे बडोद्याला नवल नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी इथे १८८९ साली काढली, तेव्हा सहकाराचा कायदाच देशात नव्हता. तो १९०४ मध्ये आला. घरांच्या बाबतीत मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सोसायटी उभी राहिली. तिथे ती उभी करणाऱ्या तळमकींची कल्पना होती ती भागीदारीतल्या भाडेकरूपणाची: मालकी सोसायटीची, सभासदाला हक्क राहण्याचा. आज आपण जिला सोसायटी म्हणतो ती बहुधा तशी नसते. प्रत्येक जण आपल्या फ्लॅटचा मालक आणि सोसायटी म्हणजे मेंटेनन्स गोळा करणारी कमिटी. तुम्ही अगदी १९१५ सारखे करा असे म्हणत नाही, बँका कर्ज देताना कुरकुर करतात. पण जमीन, चौक, गॅलऱ्या, अगाशी, पाहुण्यांच्या खोल्या आणि सामाईक खोली हे सगळे निर्विवाद सोसायटीच्या नावावर आणि कोणालाही न विकण्याजोगे राहील, असे वकिलाकडून बांधून घ्या. ‘वरच्या मजल्याच्या सभासदाला अगाशीचा हक्क’ हे वाक्य कोणाच्याही करारात शिरू देऊ नका.

सभासद कोण होऊ शकेल? मीटिंगमध्ये कोणीतरी ‘आपली’ माणसेच घेऊ, असा नियम सुचवेल. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा पोटनियम वैध धरला, हेही कोणाला तरी ठाऊक असेल. कायदा काय चालवून घेतो तो एक मुद्दा, आणि घर काय चालवून घेते तो दुसरा. तुमच्या मुलांची लग्ने जातीबाहेर, भाषेबाहेर होणार आहेत, झालीही असतील. उद्या तुमच्याच नातवाला नियमाने दार बंद. शिवाय विकायची वेळ आली की गिऱ्हाईक मूठभर, भाव पडलेला. त्यापेक्षा असा नियम करा: विकायचे असेल तर आधी सोसायटीला ठरावीक मुदतीत विचारायचे, सोसायटीने घेतले नाही तर कोणालाही विका. एक आडसूचना: जुन्या शहराच्या बऱ्याच भागांत अशांत धारा (गुजरातचा अशांत क्षेत्र कायदा) लागू आहे, तिथे हस्तांतराला कलेक्टरची परवानगी लागते. तुमचा सर्व्हे नंबर त्यात येतो का, ते आजच पाहून घ्या.

कुलूपबंद घरांचा प्रश्न मात्र मला जातीच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. बडोद्यात घरटी एक मूल कॅनडात किंवा अमेरिकेत आहे. चोवीसपैकी सात-आठ घरांचे मालक वर्षातून महिनाभर येणार असतील तर गॅलरी कितीही रुंद करा, ती ओसच राहील. नियम करा की सहा महिन्यांहून जास्त रिकामे राहणारे घर सोसायटीमार्फत भाड्याने द्यावे, आणि भाडेकरूला मीटिंगमध्ये बसून बोलण्याचा हक्क द्यावा, मत देता आले नाही तरी. झुरिकमध्ये २०१४ साली ट्राम डेपोच्या डोक्यावर बांधलेली ‘काल्कब्राइटे’ नावाची सहकारी वसाहत आहे. तिथे घरांपासून सुट्या, वेगळ्या भाड्याने मिळणाऱ्या खोल्याही ठेवल्या आहेत. मूल मोठे झाले, आजी आली, घटस्फोट झाला, की माणूस इमारत न सोडता एक खोली वाढवतो किंवा कमी करतो. तुमच्याकडे पाहुण्यांच्या दोन खोल्यांपैकी एक अशी वापरता येईल. एकट्या राहिलेल्या काकूंना आठशे फूट झाडत बसण्याऐवजी ती खोली घेता आली आणि घर भाड्याने गेले, तर दोघांचेही भले.

पैशाबद्दल इतकेच, की सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, पहिल्या महिन्यापासून आणि दुरुस्तीच्या खात्यापासून वेगळा ठेवा. पंचवीस वर्षांनी पुन्हा रिडेव्हलपमेंटचा दलाल दाराशी येईल. गुजरातच्या २०१८ च्या दुरुस्तीप्रमाणे पंचवीस वर्षे झालेल्या इमारतीला पंचाहत्तर टक्के संमती पुरते. ज्या सोसायटीकडे प्लास्टरला पैसे नसतात, तिथली पंचाहत्तर टक्के फार लवकर गोळा होतात.

सुरुवात कुठून करायची, तर प्रॉपर्टी कार्ड आणि वारसांची नावे यांपासून. एकही सही राहिली असेल तर आर्किटेक्टला फी देऊ नका. त्यानंतर कुटुंबांची बैठक घ्या, पण रविवारी सकाळची नको. त्या वेळी येणारे पुरुष बोलतात आणि ठरवून मोकळे होतात. एक बैठक आठवड्यातल्या दिवशी दुपारी तीनला घ्या, त्या वेळी घरी जी माणसे असतात त्यांची: गृहिणी, म्हातारी मंडळी, शाळेतून आलेली मुले, कामाला येणाऱ्या बायका. इमारत सर्वाधिक तेच वापरणार आहेत. कामवाल्या बायकांना बसायला, डबा खायला जागा आणि त्यांच्यासाठी स्वच्छ संडास नकाशात आहे का, हे त्याच बैठकीत विचारा. बहुतेक नकाशांत नसतो.

रजाचिठ्ठीसाठी, म्हणजे बांधकाम परवानगीसाठी, फाइल टाकण्यापूर्वी वाड्याच्या मोकळ्या भागात चुन्याने एक मजला खऱ्या मापात आखून घ्या. गॅलरी, ओटले, जिना, स्वयंपाकघराची खिडकी. सगळ्यांना त्यावरून चालायला लावा, दोघांना खुर्च्यांवर बसवा, एकाला सायकल घेऊन जाऊ द्या. सहा फूट कमी वाटले तर सात करा. कागदावर हे कोणालाच कळत नाही. तुमच्या आर्किटेक्टने ड्रॉइंग दिले की मला पाठवा, फक्त नुसता प्लॅन नको, गॅलरी आणि स्वयंपाकघर यांचा छेदही (उभा काप दाखवणारे ड्रॉइंग) सोबत हवा. त्याशिवाय मला काही सांगता येणार नाही.